गोळी बंद केली, पण डॉक्टरांना सांगितलं नाही

प्रश्न : माझं वय ५६. सहा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. आमचे फॅमिली डॉक्टर १७ वर्षं तेच आहेत. मुलांच्या तापापासून सासूबाईंच्या शेवटच्या आजारापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. पूर्वी निवांत बसून विचारपूस करायचे. आता गर्दी वाढली, समोर कॉम्प्युटर आला. मी बोलत असते, ते टाइप करत असतात.

गेल्या वर्षी त्यांनी गोळी बदलून रॅमिप्रिल दिली. काही आठवड्यांनी कोरडा खोकला सुरू झाला, रात्र रात्र झोप नाही. दोनदा सांगितलं. एकदा खोकल्याचं औषध मिळालं, एकदा अ‍ॅलर्जीची गोळी. मग मी इंटरनेटवर वाचलं की रॅमिप्रिलनेच असा खोकला येतो. मी गोळी बंद केली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. पण हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. ‘नेटवर वाचून स्वतःच डॉक्टर झालात का’ असं म्हणतील, याची भीती वाटली. पुढच्या तपासणीत प्रेशर १५८/९६ निघालं. ते म्हणाले, ‘एका गोळीनं भागत नाहीये,’ आणि वर अ‍ॅम्लोडिपीन लिहून दिली. ती मात्र मी नियमित घेते. आता संध्याकाळी दोन्ही पायांचे घोटे सुजतात.

त्यांच्याकडे जायची लाज वाटते आणि त्यांचा रागही येतो. दुसरे डॉक्टर बघावेत असं घोळतंय मनात. त्यांना काही न सांगता सोडलं तर चालेल का? की इतक्या वर्षांचा संबंध असा तोडू नये?

ता. क. माझ्या वडिलांना ५८ व्या वर्षी पक्षाघात झाला होता. हे डॉक्टरांना कधी सांगितलंय की नाही, आठवत नाही.

– नाव न छापण्याची विनंती

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बोलू, कारण ते पुढच्या महिन्यावर टाकण्यासारखं नाही. या क्षणी तुमच्या फाइलमध्ये रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत आणि पोटात एकच जाते. हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. उद्या दुसऱ्याच कशासाठी तुम्हाला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर तिथली नर्स फाइल बघून दोन्ही गोळ्या देईल आणि तुमचा खोकला परत येईल. किंवा डॉक्टर समजतील की दोन गोळ्यांनीही प्रेशर उतरत नाही, आणि तिसरी सुरू करतील. तेव्हा आज-उद्याच दवाखान्यात फोन करा. ‘रॅमिप्रिल मी बंद केली आहे आणि पायांना सूज येतेय, डॉक्टरांशी बोलायचंय’ एवढा निरोप ठेवा. तोवर मनाने काही सुरू करू नका, बंदही करू नका. अ‍ॅम्लोडिपीन चालू राहू दे.

एकाच पायाला सूज येऊन तो दुखायला लागला, धाप लागली, छातीत दुखलं, तर मात्र फोनची वाट बघायची नाही, तडक तातडीच्या सेवेत जायचं. चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात उचलेनासा झाला, बोलणं अडखळायला लागलं, तर तेव्हाही तसंच. ही शेवटची तीन लक्षणं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तसं काही झालंच, तर ते तुमच्याऐवजी त्यांनाच आधी दिसेल.

आता तुमचा अंदाज. तो बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. रॅमिप्रिल ज्या गटातली गोळी आहे, त्या गटाच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, खवखवणारा खोकला येतो. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण साधारण दहातल्या एकाला, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. शरीरातलं जे एन्झाइम ही गोळी अडवते, तेच ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचाही निचरा करत असतं. तो निचरा थांबला की ते द्रव्य साठतं आणि श्वासनलिका चुरचुरायला लागते. गोळी सुरू केल्यावर लगेच हे होईल असं नाही. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुरू होतं, म्हणूनच गोळी आणि खोकला यांची सांगड पटकन लागत नाही. खोकल्याच्या औषधानं तो जात नाही. गोळी थांबवली की बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो, तुमचा गेला तसाच. आणि यावर पर्याय आहे: लोसार्टान, टेल्मिसार्टान या गटातल्या गोळ्या जवळपास तेच काम करतात, त्यांनी असा खोकला क्वचितच येतो. म्हणजे तुमच्या तोंडून ‘गोळी सुरू झाल्यापासून खोकला आहे’ हे एक वाक्य निघालं असतं आणि ते समोरच्यानं ऐकलं असतं, तर चिठ्ठीवर एका गोळीचं नाव बदललं असतं. बस.

झालं काय? खोकला हा नवा आजार धरला गेला, त्याला दोन औषधं मिळाली. तुम्ही गोळी सोडली, प्रेशर वाढलं, तेव्हा ‘गोळी पुरत नाही’ असा अर्थ लागला आणि दुसरी गोळी आली. अ‍ॅम्लोडिपीनमुळे घोट्यांना सूज येणं हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम. ती बारीक धमन्या सैल करते, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, त्यामुळे पाणी ऊतींमध्ये झिरपतं. गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखं आहे: रॅमिप्रिल किंवा सार्टान गटातली गोळी सोबत असली की ही सूज कमी राहते. डॉक्टरांच्या हिशोबात तुम्ही दोन्ही घेत होतात, त्यामुळे घोटे एवढे का सुजले याचं उत्तर त्यांना फाइलमध्ये सापडणारच नाही. मग पुढची पायरी कोणती, तर लघवी वाढवणारी गोळी. या प्रकारच्या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही, पण रात्री दोनदा उठावं लागेल, क्षार खालीवर होतील, आणि त्यासाठी आणखी काही. औषधाच्या दुष्परिणामाला आजार समजून त्यावर पुन्हा औषध, अशी ही साखळी डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे आणि तरीही रोज घडते. ती तोडायला महागडी तपासणी लागत नाही. रुग्ण प्रत्यक्षात काय घेतो आणि ते कधीपासून, एवढं कुणीतरी विचारावं लागतं आणि कुणीतरी खरं सांगावं लागतं.

तुम्ही सांगितलं नाहीत, याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलंय की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे रुग्ण सरासरी निम्मेच असतात. म्हणजे डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये जेवढे लोक बसलेत, त्यांतल्या पुष्कळांकडे तुमच्यासारखंच एखादं न सांगितलेलं काहीतरी असणार. आणि ते का सांगत नाहीत, याची कारणंही बहुधा तुमचीच: ओरडा बसेल, मूर्ख ठरू, त्यांना वाईट वाटेल. मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे, आणि टेबलाच्या या बाजूनं एक सांगते. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं, कारण प्रश्नातच ते उत्तर भरलेलं असतं. ‘बऱ्याच जणांच्या गोळ्या अधूनमधून चुकतात, काहींना त्रास होतो म्हणून ते सोडतातही, तुमचं काय होतं?’ असं विचारलं की लोक बोलतात. हे विचारायचं काम डॉक्टरांचं आहे. तुमच्या डॉक्टरांकडून ते राहिलं.

त्यांच्याकडून ऐकायचंही राहिलं, आणि त्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते, सरासरी १८ सेकंदांत. आपलं पहिलं म्हणणं पुरं करायला मिळालं ते जेमतेम २३ टक्के भेटींत. डॉक्टरांना भीती ही की एकदा बोलू दिलं की रुग्ण थांबणारच नाही. ती भीती किती खरी, हे स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात पाहिलं गेलं. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना सांगितलं की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, आणि गुपचूप घड्याळ लावलं. ३३५ रुग्ण. सरासरी ९२ सेकंदांत माणसं थांबली. दोन मिनिटांत जवळजवळ पाचातल्या चौघांचं सांगून झालं होतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणारे फक्त सात जण निघाले, आणि त्यांच्याबद्दलही डॉक्टरांचं मत पडलं की ते सांगत होते ते महत्त्वाचं होतं.

दीड मिनिट, ताई. तुमच्या खोकल्याला एवढंच हवं होतं.

ऐकणं म्हणजे निव्वळ सौजन्य, असा समज असेल तर तो काढून टाकू. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात नव्यानं आलेल्या ८० रुग्णांचा मागोवा घेतला. पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकून जे निदान सुचलं, तेच ६६ जणांच्या बाबतीत शेवटपर्यंत कायम राहिलं. अंगाला हात लावायच्या आधी, रक्त काढायच्या आधी. त्यानंतर यंत्रं फार पुढे गेली, पण कोणती तपासणी करायची हे अजूनही हकीकतच ठरवते.

तरी तुमच्या डॉक्टरांची बाजू मी मांडणार आहे, कारण ती मांडली नाही तर पुढचा सल्ला एकतर्फी होईल. ६७ देशांतली माहिती एकत्र करून २०१७ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणारा वेळ सर्वांत कमी ४८ सेकंद आणि सर्वांत जास्त साडेबावीस मिनिटं असा निघाला. जगातली साधारण निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, तिथे हा वेळ पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी आहे. पाच मिनिटांत माणूस बसतो, बाही वर करतो, प्रेशर मोजलं जातं, आकडा लिहिला जातो, चिठ्ठी छापली जाते, आणि वेळ संपते. तुमच्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारात सगळं पाहिलं ते याच माणसानं ना? तो आतून बदललाय असं मला तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही. त्याच्याकडचा वेळ आटलाय आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटर वाटेकरी झालाय. याने तुमचं झालेलं नुकसान भरून येत नाही. पण माणसात चांगुलपणाच नसणं वेगळं आणि सवय बिघडणं वेगळं. सवय सांगून सुधारता येते.

कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात १९६८ साली इयन मॅकविनी हे त्या देशातले फॅमिली मेडिसिनचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी, दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या जोसेफ लेव्हनस्टीन यांनी आणि तिथल्या सहकाऱ्यांनी मिळून रुग्णकेंद्री पद्धत मांडली. तिचं मर्म असं की प्रत्येक भेटीत दोन कार्यक्रमपत्रिका असतात. डॉक्टरांची: प्रेशर किती, किडनी कशी, डोस कोणता. आणि रुग्णाची, जी तो सहसा तोंडानं वाचून दाखवत नाही. ती कळण्यासाठी डॉक्टरनं चार गोष्टी शोधायच्या. या माणसाला मनातून काय वाटतंय, विशेषतः भीती कशाची? हे कशामुळे झालं असावं अशी त्याची समजूत काय? त्याच्या रोजच्या जगण्यात याने काय अडलंय? आणि तो माझ्याकडून काय अपेक्षा घेऊन आलाय?

हे चार प्रश्न तुमच्या पत्राला लावून बघा. समजूत: गोळीमुळे खोकला. अडलेलं: झोप. अपेक्षा: गोळी बदलून द्या आणि मला वेड्यात काढू नका. तिन्ही गोष्टी पत्रात अगदी स्पष्ट आहेत. भीती मात्र तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. वडिलांना ५८ व्या वर्षी पक्षाघात झाला आणि तुम्ही ५६ च्या आहात. माझ्या मते सगळं पत्र त्या ओळीसाठी लिहिलं गेलंय. दवाखान्यातही असंच होतं. माणूस गुडघ्यांबद्दल बोलतो, ॲसिडिटीबद्दल बोलतो, उठतो, आणि दाराला हात लावून वळून म्हणतो, ‘आणि हो डॉक्टर, जरा छातीत…’. जे सर्वांत जड असतं ते शेवटी येतं, कारण ते उच्चारायला सर्वांत जास्त बळ लागतं. सरावलेला फॅमिली डॉक्टर त्या क्षणी पेन खाली ठेवतो.

त्या ओळीचं उत्तर तुमच्या डॉक्टरांकडून सविस्तर घ्या, पण थोडं मी सांगते. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून तुम्हाला त्याच वयात होईल असं मुळीच नाही. घरात असा इतिहास असला की धोका काहीसा वाढतो, आणि त्यामुळे जी कारणं आपल्या हातात आहेत त्यांना महत्त्व येतं. पक्षाघाताच्या हातातल्या कारणांत उच्च रक्तदाब पहिला. मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात वरचा आकडा १० ने उतरवल्यावर पक्षाघाताचं प्रमाण साधारण २७ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती आहे, तिच्यावरचा सर्वांत चांगला उपाय नेमका तोच आहे जो खोकल्याच्या भानगडीत तुमच्या हातून सुटला. म्हणून मी सुरुवातीलाच फोन करा म्हटलं.

आता भेटीचं. फोनवरच विचारा की शेवटची वेळ मिळेल का, किंवा नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. ‘औषधांबद्दल सविस्तर बोलायचंय’ एवढं कारण पुरे. भेटीच्या आधी जमलं तर आठवडाभर घरी प्रेशर मोजा, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, मध्ये मिनिटभर सोडून. त्याआधी अर्धा तास कॉफी नको आणि मोजताना बोलायचं नाही. जे येईल ते लिहा, आवडलेलं आणि न आवडलेलंही. दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा या वहीवर डॉक्टरांचा जास्त भरवसा बसेल. घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या, अ‍ॅलर्जीची आणि रॅमिप्रिलची उरलेलीसुद्धा.

आणि बसल्या बसल्या, त्यांनी बाही वर करा म्हणायच्या आत, बोलायला सुरुवात करा. मी तुम्हाला वाक्यं देते, तुमच्या तोंडी बसतील तशी फिरवून घ्या.

‘डॉक्टर, आज मला तीन गोष्टी सांगायच्यात. एक मिनिट माझ्याकडे बघून ऐका, मग तपासा. पहिली, रॅमिप्रिल मी बंद केलीय. ती सुरू झाल्यावर खोकला लागला होता आणि ती थांबवल्यावर तीन आठवड्यांत गेला. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. दुसरी, नव्या गोळीनंतर घोटे सुजतात. तिसरी, माझ्या वडिलांना ५८ व्या वर्षी पक्षाघात झाला होता आणि मला त्याची फार भीती वाटते.’

हे मोठ्यानं वाचून बघा. अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागेल. घरी एकदा आवाजात म्हणून पाहिलंत तर तिथे घसा दाटणार नाही. दाटलाच तर कागद पुढे करा. लिहून आणलेलं वाचण्यात काही कमीपणा नाही. मला स्वतःला कागद घेऊन येणारे रुग्ण आवडतात, कारण त्यांनी घरी विचार केलेला असतो.

‘माझ्याकडे बघून ऐका’ म्हणणं तुम्हाला उद्धट वाटत असेल. १७ वर्षांच्या ओळखीत तेवढा हक्क असतो. तरी जमेना, तर ‘तुम्ही टाइप करत असलात की मला सांगायचं सुचत नाही’ असं म्हणा. त्यात आरोप नाही, तुमची अडचण आहे, आणि अडचण ऐकली की चांगला डॉक्टर आपोआप की-बोर्डवरचा हात काढतो.

निघण्याआधी ठरलेलं सगळं तुमच्या शब्दांत त्यांना परत म्हणून दाखवा: ‘म्हणजे ही बंद, ही उद्यापासून सकाळी एक, सूज दोन आठवड्यांत उतरली नाही तर फोन.’ दवाखान्यात ऐकलेल्यातलं पुष्कळसं बाहेर पडेपर्यंत विसरलं जातं, घाबरलेल्या माणसाचं तर जास्तच. पुन्हा म्हणून दाखवताना कुणाचा गैरसमज झालाय, तुमचा की त्यांचा, ते तिथल्या तिथे कळतं.

एका गोष्टीची तयारी ठेवा. त्यांना वाईट वाटू शकतं. मायकेल बालिंट नावाचे हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये फॅमिली डॉक्टरांचे गट घेऊन बसत आणि त्यांना जड जाणाऱ्या रुग्णांबद्दल बोलतं करत. त्यांचं निरीक्षण होतं की या व्यवसायात सर्वांत जास्त दिलं जाणारं औषध म्हणजे स्वतः डॉक्टर, आणि नेमक्या याच औषधाचा डोस किती, दुष्परिणाम कोणते, हे कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही त्या दिवशी तुमच्या डॉक्टरांना त्यांचा एक दुष्परिणाम सांगणार आहात. पहिल्या क्षणी चेहरा उतरेल कदाचित, आवाज कोरडा होईल. तेवढ्यावरून निकाल लावू नका. दुसरं वाक्य काय येतं ते बघा. ‘आधी का नाही सांगितलंत’ असं चिडून म्हणाले, तरी ते काळजीतून आलेलं असू शकतं. त्यानंतर खोकल्याबद्दल, वडिलांबद्दल ते विचारायला लागले तर सगळं ठीक आहे.

रुग्णाला मध्यभागी ठेवणं म्हणजे रुग्ण मागेल ते देणं नव्हे, हेही बोलून ठेवते. तुम्ही म्हणालात की ‘मला गोळीच नको, बघू तसंच’, आणि डॉक्टरांनी १५८/९६ वर ‘बरं’ म्हटलं, तर मी त्यांना वाईट डॉक्टर म्हणेन. त्यांनी नाही म्हणावं, का ते तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगावं, आणि तुम्हाला चालेल असा रस्ता तुमच्यासोबत शोधावा. गोळी सकाळी की रात्री, दोन वेगळ्या की एकत्रित एक, गोळी चालू ठेवूनच मीठ कमी करून आणि चालणं वाढवून किती फरक पडतो ते बघायचं का, या गोष्टींत तुमचं मत तितकंच मोलाचं आहे, कारण रोज गोळी गिळायची आहे ती तुम्हाला.

आता तुमचा मूळ प्रश्न, सोडू का. माझं मत आहे, ही भेट झाल्याशिवाय नाही. त्याला भावनेपलीकडे कारण आहे. एकाच डॉक्टरकडे सातत्यानं जाणं आणि मृत्यूचं प्रमाण, यांचा संबंध पाहणारे २२ अभ्यास २०१८ च्या एका आढाव्यात एकत्र तपासले गेले. त्यांतल्या १८ मध्ये सातत्य जास्त तिथे मृत्यू कमी असं दिसलं. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणसाला अनेक डॉक्टर करावे लागतात, हेही त्यात असणार. पण मला त्यात नवल वाटत नाही. तुम्ही एरवी कशा दिसता, कशा चालता, किती तक्रार करता, हे ज्याला माहीत आहे त्याला तुमच्यातला बदल आधी दिसतो. नव्या डॉक्टरांना तिथवर पोचायला काही वर्षं लागतील. ती वर्षं तुम्ही पुन्हा द्यायला तयार आहात का, हा विचार करा.

पण नातं जुनं आहे म्हणून काहीही सोसायचं, असंही नाही. तुम्ही हे सगळं नीट सांगितलंत आणि त्यांनी तुमचा पाणउतारा केला, किंवा तुमची गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांच्या कानावर घातली, किंवा मान हलवली आणि पुढच्या दोन भेटी पहिल्यासारख्याच गेल्या, तर बिनदिक्कत दुसरे डॉक्टर बघा. त्याला कृतघ्नपणा म्हणत नाहीत. ज्यांच्यापुढे खरं बोलता येत नाही असे डॉक्टर कितीही हुशार असले तरी तुमच्या कामाचे नाहीत.

काही न सांगता सोडलं तर चालेल का, असं विचारलंत. डॉक्टरांना निरोप द्यायचा की नाही, हा तुमचा प्रश्न; दोन ओळींची चिठ्ठी बरी, पण ती नसली तरी अडणार नाही. नव्या डॉक्टरांना न सांगता मात्र चालणार नाही. तुमच्या जुन्या फाइलचा अर्थ आज असा निघतो की रॅमिप्रिल घेऊनही प्रेशर १५८ राहिलं. नवे डॉक्टर ती फाइल वाचून कामाला लागले तर तुमचा उपचार चुकीच्या पायावर उभा राहील, आणि तुमची लाज तुमच्याबरोबर नव्या दवाखान्यात येऊन बसेल. तेव्हा जुन्या तपासण्या, चिठ्ठ्या, घरच्या मोजणीची वही, सगळं न्या आणि त्यांच्यापुढेही सुरुवात त्याच तीन गोष्टींनी करा. क्रम हवं तर बदला. वडिलांचं आधी सांगा.